पोरगं आत आलं, घर दाराबाहेर राहिलं

शिक्षकांच्या शिबिरांतून हल्ली एक शब्द फार ऐकू येतो : सांस्कृतिक संवेदनशीलता. वर्गात नाना जातींची, नाना बोलींची पोरं येतात, तेव्हा मास्तरानं त्यांच्या रीतीभाती समजून घ्याव्यात, कुणाचं मन दुखवू नये, असा त्याचा अर्थ सांगतात. शब्द वाईट नाही. पण तो जणू परवाच विमानातून उतरलाय अशा थाटात सांगितला जातो, तेव्हा मला बोलणं भाग पडतं. या प्रश्नाला आपल्या मातीत पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. आमच्या बापजाद्यांनी तो शाळेच्या पडवीत बसून सोसला. त्या सोसण्यातून जे शहाणपण निघालं तेही इथलंच आहे. शिबिरात ते कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

मी मास्तर होतो. जिल्हा परिषदेच्या शाळांत खडू झिजवण्यात उमर गेली. त्या आधी त्याच तऱ्हेच्या शाळांत पोरगं म्हणून बसलो. म्हणजे हा प्रश्न मी फळ्याच्या दोन्ही बाजूंनी पाहिलाय.

गोष्ट सुरू होते १८५६ साली. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथल्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला. फी भरायची तयारी होती. प्रवेश नाकारला. मुलानं सरकारकडे अर्ज केला. सरकारचं उत्तर मोठं मासलेवाईक आहे. न्याय या मुलाच्या बाजूनं आहे हे सरकारनं कबूल केलं. आणि लगेच पुढं म्हणलं, की एकट्यादुकट्यासाठी शेकडो वर्षांच्या समजुतींना एकदम धक्का दिला तर शिक्षणाच्याच कामाचं नुकसान होईल.

बघा मित्रहो. संवेदनशीलता तेव्हाही होती. पोतंभर होती. साहेबाला लोकांच्या रीतीभातींची केवढी काळजी! फक्त ती रीत कुणाची आणि ते मन कुणाचं, एवढं विचारायचं. शाळेत आधीच बसलेल्यांचं मन दुखू नये म्हणून दाराशी उभा असलेला माघारी गेला. पुढं १८५८ साली सरकारनं जाहीर केलं, की सगळा खर्च सरकार करतं त्या शाळा सर्व जातींना खुल्या आहेत. कागद खुला झाला. गावात मात्र आमची पोरं पडवीतच बसली, पावसात भिजली, आणि पाटी लांबून दाखवून लांबूनच तपासून घेतली.

आता या धारवाडच्या अर्जाच्या एकच वर्ष आधी, १८५५ साली, पुण्यात काय झालं ते पाहा.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ पासून पुण्यात मुलींसाठी शाळा काढल्या. मग महार-मांगांच्या मुलांसाठीही काढल्या. लहुजी वस्ताद साळव्यांसारखी माणसं घरोघर फिरून पोरं जमवत होती. या शाळेत मांगाची एक पोर शिकत होती, मुक्ताबाई. अजून पोरसवदाच. तिनं महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला.

तिनं काय लिहिलं? फुलं, पाखरं, सकाळचा देखावा नाही. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असा सवाल तिनं टाकला. पेशवाईत आपल्या लोकांचे काय हाल झाले, इमारतींच्या पायात माणसं कशी गाडली, हे लिहिलं. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, हे लिहिलं. आणि शेवटी आपल्या लोकांना सांगितलं, की बाबांनो, शिका.

हे लिहायला त्या पोरीच्या अंगात बळ कुठून आलं? अक्षरं तर मिशनच्या शाळेतही शिकवत होते. माझं मत असं आहे, की तिच्या शाळेत तिचं घर आत घेतलं होतं. मांगवाड्यात जे रोज घडतं ते लिहिण्याजोगं आहे, ते विद्येच्या पंक्तीला बसू शकतं, हे तिला तिथं समजलं. ज्या शाळेत आपल्या घराची लाज वाटायला शिकवतात, तिथून असा निबंध निघत नाही. फुल्यांनी पुढं १८६८ साली घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तो हौद आणि हा निबंध ही एकाच मनाची कामं आहेत.

याच जोतीरावांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं. प्रत्येक डी.एड.च्या पोरानं ते वाचलं पाहिजे. पुण्यात महार-मांगांची वस्ती पाच हजारांवर आणि त्यांना शाळा एक, तिच्यात मुलं तीसही नाहीत, असा हिशेब त्यांनी सरकारसमोर मांडला. पण आकड्यावर ते थांबले नाहीत. मास्तर कसा असावा ते त्यांनी सांगितलं. प्राथमिक शाळेचा मास्तर होईल तेवढा कष्टकरी शेतकरी वर्गातून घ्यावा. तो लोकांत मिसळेल, त्यांच्या गरजा ओळखेल, सोवळ्यानं दूर बसणार नाही. वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्याला लाज वाटणार नाही. शिकवायचं काय, तर मोडी, बाळबोध, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, आणि त्याच्याबरोबर शेतीचं आणि आरोग्याचं ज्ञान.

नांगराची मूठ! आज मोठमोठे ग्रंथ लिहून जे सांगतात, की मुलाच्या अनुभवातून शिकवा, मुलाच्या संस्कृतीचा मान ठेवा, ते या माणसानं एका नांगराच्या मुठीत सांगितलं. मास्तरानं मुलाच्या घराबद्दल चार चांगले शब्द बोलावेत एवढंच त्यांना नको होतं. मुलाच्या बापाचं हत्यार मास्तराच्या हातात शोभलं पाहिजे, असं ते म्हणत होते. पण हंटर कमिशनच्या शिफारशींतून आमच्या वाट्याला आल्या त्या मुख्यतः वेगळ्या शाळा.

१९०० सालच्या ७ नोव्हेंबरला साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव घातलं गेलं. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. भाषणं होतात, हार पडतात. पण त्या शाळेत तो मुलगा कसा बसला ते बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय. कोपऱ्यात, एकटा, तरटाच्या तुकड्यावर. शाळा झाडणारा नोकर त्या तरटाला शिवायचा नाही, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर नळ शिपायानं सोडायचा. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. मुंबईच्या हायस्कुलात संस्कृत घ्यायचं होतं, ते मिळालं नाही. फारसी घ्यावी लागली.

शिक्षणशास्त्र शिकवणारांनी ही तरटाची गोष्ट नीट बघावी. शाळेचं दार उघडं होतं. हजेरीपटात नाव होतं. परीक्षा सगळ्यांसारखीच होती. तरी मुलाला रोज दोन वेळा, येताना आणि जाताना, स्वतःच्या काखेत आपली जात वाहावी लागत होती. कायद्यानं प्रवेश दिला म्हणजे शाळा दिली असं होत नाही.

कोल्हापुरात शाहू महाराजांना हे कळलं होतं. १९०१ पासून त्यांच्या आधारानं तिथं मराठा, जैन, मुसलमान अशी जातीजमातींची वसतिगृहं उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचं ठरलं. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी पोरं एकाच शाळेत बसवायचा हुकूम निघाला. काही लोक विचारतात, की वसतिगृहं वेगळी आणि शाळा एक, हे कसं? मला त्यात मोठी समज दिसते. खेड्यातून आलेल्या पोराला शहरात आधी एक जागा पाहिजे जिथं त्याच्या जेवणाला कुणी नाक मुरडत नाही. तिथं पाय रोवला की मग एका बाकावर बसायचं धाडस होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला पुढची पायरी गाठली. १९२४ च्या त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र राबली आणि एका पंगतीला जेवली.

आणि मग बाबासाहेबांचं मिलिंद महाविद्यालय, औरंगाबादेत, १९५० साली. म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून पोरं नागसेनवनात आली. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस, जन्मानं आमच्यातले नव्हेत. पण या माणसानं अस्पृश्यांच्या दुःखाचा इतिहास अभ्यासून 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं. दुसऱ्या जातीतला मास्तर संवेदनशील कसा होतो याचं हे उदाहरण आहे. त्यानं पोरांच्या पाठीवरून नुसता हात फिरवला नाही. त्यांच्या इतिहासाचा तो स्वतः विद्यार्थी झाला. पुढं डॉ. म. ना. वानखडे आले, गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' चालवलं आणि आमची पोरं आपलं आपल्या भाषेत लिहू लागली. मुक्ताबाईनं १८५५ ला जो निबंध सुरू केला, तो शंभर वर्षांनी नागसेनवनात पुढं लिहिला गेला.

पण सगळ्या शाळा काही नागसेनवन नव्हत्या.

१९५० साली राज्यघटना आली. सरकारी आणि सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत जातीवरून प्रवेश नाकारायचा नाही हे कलमात आलं. धारवाडच्या पोराला चौऱ्याण्णव वर्षांनी उत्तर मिळालं. तरट गेलं. मास्तर म्हणू लागले, 'मी जातबित मानत नाही, सगळी पोरं मला सारखीच.'

सारखीच, पण कुणासारखी?

माझ्या शाळेत मास्तरांनी विचारलं की 'सुट्टीत काय केलं?' तर उत्तर ठरलेलं असायचं. मामाच्या गावाला गेलो, आंबे खाल्ले. आम्ही सुट्टीत आईबरोबर खुरपायला जायचो. पण ते उत्तर नव्हतं. 'घरी काय जेवता?' याला उत्तर वरणभात. चान्या वाळत घातलेल्या वाड्यात आम्ही राहत होतो, पण तोंडातून वरणभातच यायचा. खोटं बोलायला आम्हाला कुणी शिकवलं नाही. खरं सांगितल्यावर वर्ग कसा हसतो हे एकदा पाहिलं की पोर आपोआप शिकतं. आणि वर्षातून एकदा ऑफिसातून यादी यायची. मास्तर दारातूनच ओरडायचे, 'सवलतीवाले उभे राहा!' आम्ही उभे राहायचो. बाकीचे बसून बघायचे. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. मास्तर स्वभावानं चांगलेच होते.

भाषेचं तसंच. पोरगं 'पानी' म्हणतं, 'व्हतं' म्हणतं, 'न्हाई' म्हणतं. वर्ग हसतो आणि मास्तर म्हणतो, 'शुद्ध बोल.' मराठी लेखनाचे जे नियम १९६२ आणि १९७२ साली ठरले, त्यांनाही नाव शुद्धलेखनाचंच मिळालं. शुद्ध हा शब्द आमच्या कानाला साधा लागत नाही. विहीर शुद्ध, ताट शुद्ध, देऊळ शुद्ध, आणि आम्ही शिवलो की सगळं अशुद्ध, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकलंय. तोच शब्द पोराच्या जिभेला लावला की त्याला कळायचं ते कळतं. मग ते गप्प बसतं. मास्तर शेरा मारतो : वर्गात बोलत नाही, बुद्धी मंद.

कुणी म्हणेल, मग प्रमाणभाषा शिकवायचीच नाही का? शिकवायची. कसून शिकवायची. कचेरीत, कोर्टात, परीक्षेत तीच लागते आणि ती आमच्या पोरांना न शिकवणं ही दुसरी फसवणूक होईल. फक्त ती जोडीचं हत्यार म्हणून द्या. आईची जीभ कापून तिच्या जागी बसवू नका.

आणि भाषा आली म्हणजे सगळं मिळतं असंही नाही. नागपूरच्या कुमुद पावडे संस्कृत घेऊन एम.ए. झाल्या. बाबासाहेबांना जी भाषा नाकारली, तीच एका महार मुलीनं पुरी केली. १९८१ च्या 'अंतःस्फोट'मध्ये त्यांनी हा प्रवास मांडलाय. त्यांना कॉलेजात नोकरी मिळेना. ती मिळाली लग्नानंतर, आडनाव बदलल्यावर. डोकं तेच, संस्कृत तेच, फक्त आडनाव सवर्ण झालं. आडनाव विचारायची मास्तरांची सवय किती खोल जाते ते यावरून समजावं.

हा प्रश्न फक्त आमचा नाही. गडचिरोलीचं गोंड पोरगं पहिलीत येतं तेव्हा त्याला मराठी परकी असते. सहा वर्षांच्या पोराला एकदम परक्या मुलखात सोडायचं आणि ते मागं पडलं की म्हणायचं आदिवासींना शिक्षणाची आवडच नाही. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्यानं सोय करावी, असं राज्यघटनेत १९५६ सालीच घातलंय, कलम ३५० अ. तरी गोंडी माध्यमाची शाळा काढायला मोहगावच्या ग्रामसभेला २०१९ साली स्वतःच उठावं लागलं. पारध्याच्या पोराचं तर त्याहून वाईट. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की नजर आधी कुणाकडे जाते?

आणि ताट. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं असं महाराष्ट्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवलं. विरोध झाला, भावनांचा विषय निघाला. अंडं नको असलेल्या पोरांना केळं द्यायची सोय असूनही निघाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं अंड्याचा निधी थांबवला आणि लोकवर्गणीतून बघा असं शाळांना सांगितलं. कारण पैशाचं असेल नाहीतर भावनांचं, अंडं गेलं ते गरिबाच्या पोराच्या ताटातून. केळं मागणाऱ्याच्या भावनेचा मान ठेवावाच. पण अंडं खाणाऱ्या पोरालाही भूक असते आणि मनही असतं, हे १८५६ सारखंच आजही कुणाच्या ध्यानात येत नाही.

मग मास्तरानं करायचं काय? मी वर्गात जे केलं आणि जे टिकलं ते सांगतो.

सातवीच्या पोरांना मी निबंधाला विषय द्यायचो : आमच्या घरी कुणाला काय येतं. बस, एवढाच. जात नाही, धंदा नाही, कौतुक नाही. एका पोरीनं लिहिलं, की दगडाला नस असते, ती ओळखून छन्नी लावली तर थोड्या घावांत दगड फुटतो, आणि ती नस तिच्या आईला बोटानं कळते. एकानं लिहिलं, की हलगी वाजवायच्या आधी जाळावर शेकतात, किती शेकायची ते कानानं ठरतं. त्या आठवड्यात विज्ञानाचा तास दगडावर आणि ध्वनीवर झाला. कातडं तापलं की आवाज का चढतो, हे वर्गात सगळ्यांत आधी त्या हलगीवाल्याच्या पोराला समजलं.

पण इथं एक धोका आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. घर आत घ्यायचं म्हणजे पोराला जातीचा नमुना म्हणून उभं करायचं असं नव्हे. गॅदरिंग आलं की 'ए, तुझ्या बापाला हलगी घेऊन बोलव,' हा मान नाही, ती जुनी गावकीच झाली. त्या पोराला हलगीचा कंटाळा आलेला असेल, त्याला गणितात रस असेल, तर तो त्याचा हक्क आहे. मुक्ताबाईनं काय लिहायचं ते मुक्ताबाईनं ठरवलं होतं. आपलं घर किती उघडायचं ते पोर ठरवील. मास्तरानं फक्त एवढी खात्री द्यायची, की उघडलं तर कुणी हसणार नाही.

बाकी गोष्टी साध्या आहेत, पैसा लागत नाही. शिष्यवृत्तीची यादी वर्गात ओरडायची नाही, पोराला बाजूला बोलावून सही घ्यायची. हजेरी पहिल्या नावानं घ्यायची. माठावर पाणी वाढायला आणि वर्ग झाडायला पाळी सगळ्यांची, एकदा चुकलेली पाळी परत येते की नाही तेही बघायचं. पहिलीच्या मास्तराला वस्तीची बोली आली पाहिजे, येत नसेल तर वस्तीत जाऊन शिकली पाहिजे. ७ नोव्हेंबरला हार घालायच्या आधी तरटाची गोष्ट सांगायची, आणि नुसती दलित पोरांना नाही, सगळ्या वर्गाला सांगायची. सवर्णाच्या पोरालाही कळू द्या, की त्याच्या आज्याला वर्गात जागा कशी मिळाली आणि माझ्या आज्याला का मिळाली नाही. त्या पोराचं मन दुखेल म्हणून ही गोष्ट लपवणारी संवेदनशीलता धारवाडच्या साहेबाचीच आहे.

शिबिरं घ्या. शब्द शिका. आमची ना नाही. पण पुढच्या शिबिरात टाळ्या पडायच्या आधी जोतीरावांची १८८२ ची सूचना मोठ्यानं वाचा आणि बसलेल्या मास्तरांना विचारा, की तुमच्या वर्गातल्या किती पोरांच्या घरात तुम्ही पाणी प्यालात, आणि त्यांच्या बापाच्या हातातलं हत्यार तुमच्या हातात कधी आलं का. हंटरच्या कमिशनला या सूचनेचं काही झालं नाही. आता कमिशन साहेबाचं नाही, सरकार आपलं आहे, शाळा आपली आहे. ती सूचना अमलात आणायला आता कुणाच्या परवानगीची वाट बघायची?